तात्यांनी भरवलेली सभा

“चपला कुठं काढायच्या?” तात्यांनी विचारलं.

“इथे काढत नाहीत, तात्या. बूट घालूनच आत जायचं.”

“देवाच्या दारात?”

“त्यांच्यात चालतं.”

“त्यांच्यात चालत असंल. माझ्यात नाही चालत,” असं म्हणून ते चर्चच्या पायरीवर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. मोजे काढून त्यांनी नीट घडी घातली, ते बुटात कोंबले आणि बूट भिंतीलगत सावलीत ठेवले. माझे वडील बबनराव डुंबरे, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूमापक. त्यांच्याशी वाद घालून आमच्या गावात, ओतूरमध्ये, आजवर कुणी जिंकलेलं नाही, तर स्पेनमध्ये मी काय जिंकणार!

गावाचं नाव तोरेमेलेरा. स्पेनच्या सोरिया भागातलं मूठभर गाव. टेकडीवर पडका किल्ला, पायथ्याला आठ-नऊ शतकं जुनं दगडी चर्च आणि मधे वीसेक घरं, त्यातली निम्मी कुलूप लावलेली. मे महिना होता. गहू गुडघ्याला आला होता आणि गव्हात जागोजागी पॉपीची लाल फुलं. तात्यांना ते तण आहे हे कळल्यावर शेतकऱ्याच्या वतीने राग आला होता.

मी आर्किटेक्ट झाल्यावर जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती शिकायला स्पेनला आले होते. शिक्षण संपत आलं होतं. जुन्नरचे सगळे किल्ले तात्यांच्या पायाखालचे, त्यामुळे ‘तिकडचे गड दाखव’ हा त्यांचा लकडा पहिल्या महिन्यापासून होता. आईने विमानाला साफ नकार दिला. मग तात्या एकटेच आले, आठवडाभरासाठी, सोबत आईने दिलेले डिंकाचे लाडू घेऊन. मी मैत्रिणीची छोटी गाडी मागून घेतली आणि आम्ही बापलेक किल्ले-चर्चेस करत फिरायला लागलो.

कुठल्याही किल्ल्यात शिरलं की तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “पाण्याची सोय काय?” टाकं सापडलं की किल्ला पास. त्याच भागातल्या गोरमाझचा लांबलचक किल्ला त्यांना इतका आवडला की तटावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून ते म्हणाले, “बांधणाऱ्यानं डोकं लावलंय. पण दरवाजा उघड्यावर ठेवलाय. आमच्याकडच्या माणसानं वळणात लपवला असता.”

मी हसले, पण माझं लक्ष धड नव्हतं. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि सांगवत नव्हती. मी जिथे काम शिकत होते त्या दगडकामाच्या कारखान्याने मला कायमची नोकरी देऊ केली होती. मी हो म्हणून बसले होते. आणि तिकडे तात्यांनी ओतूरच्या घरावर माझ्यासाठी माडी चढवली होती. तिथे माझं कार्यालय होणार, नारायणगडापासून दुरुस्तीला सुरुवात होणार, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी मी ठरवायचे, आता वर गेलो की सांगायचं. गोरमाझला तर मी तोंडसुद्धा उघडलं होतं. तेवढ्यात तात्या एका चिऱ्यावर हात ठेवून म्हणाले, “वृषे, हे सांधे बघ. हडसरच्या गडाला अस्संच काम करू आपण.” मी म्हणाले, “तात्या, पाणी हवंय का?”

आता त्यांच्या परतीला दोनच दिवस उरले होते.

तोरेमेलेराच्या चर्चच्या दारावर पाटी होती, की किल्ली हिरव्या दाराच्या घरात फेलिसा यांच्याकडे मिळेल. तिकडच्या लहान गावांत ही पद्धतच आहे. फेलिसाबाई सत्तरीच्या पुढच्या, बुटक्या, हाताला कणीक लागलेली. त्यांनी वीतभर लांब लोखंडी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे, माझं चुलीवर आहे.” किल्ली तात्यांनी लगेच ताब्यात घेतली. तिच्या वजनावरून ते खूश झाले होते.

मी बाहेर खांबांवर कोरलेली माणसं-जनावरं बघत रेंगाळले. त्या चर्चला दक्षिणेच्या अंगाने कमानींची लांब ओवरी होती. तात्या कुलूप काढून अनवाणी आत गेले. दाराच्या आतच, डाव्या हाताला, छतातल्या भोकातून एक जाड दोर खाली लोंबत होता. आणि ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या देवळात शिरताना आयुष्यभर जे केलं, तेच त्यांनी केलं. देवाला आल्याची वर्दी दिली.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

वरच्या घंटेशेजारी घरटं केलेले दोन करकोचे फडफडत उडाले. गावातली कुत्री एकदम भुंकायला लागली. त्या भागात घंटा माणसांसाठी असते, एवढं मला माहीत होतं. मेल्याचे ठोके वेगळे, आगीचे वेगळे. तीन ठोके कशाचे ते मात्र मला माहीत नव्हतं.

तात्या समाधानाने बाहेर आले. “आवाज चांगलाय. काशाची दिसती.”

तोवर फेलिसाबाई धावत येत होत्या. “किती वाजल्या? तीन? नक्की तीनच?”

“तीनच. अहो, माझे वडील, त्यांना माहीत नव्हतं...”

“मग सभा आहे,” त्या म्हणाल्या आणि ओवरीत उभ्या राहून त्यांनी अंगावरचा एप्रन सोडला.

“कसली सभा?”

“ते तुम्ही सांगायचं. वाजवली कुणी?”

लोक यायला लागले. काठी टेकत दोघी जणी आल्या. एक बाई केसांना गुंडाळ्या लावलेल्या तशाच आल्या. एक आजोबा पाण्याची बादली घेऊन आले. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आग लागली असणार असं धरून चालणं त्यांना बरं वाटलं होतं. शेवटी ट्रॅक्टरवरून दामियान आला. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, हा गावाचा निवडून दिलेला प्रमुख. मी तात्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे पाटील,” आणि त्यांनी दामियानला अदबीने नमस्कार केला. सगळे ओवरीतल्या दगडी बाकावर भिंतीला पाठ लावून बसले. बारा-तेरा डोकी असतील. फेलिसाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “सगळं गाव आलंय. हल्ली हा मेला फोनवरच निरोप देतो. घंटा किती वर्षांनी ऐकली!”

मी दामियानची माफी मागितली. आमच्याकडे देवळात शिरताना घंटा वाजवायची रीत आहे, चुकून झालं, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“समजलं. पण आमचीही रीत आहे. घंटा वाजवून सभा कुणीही बोलवावी, त्याला ना नाही. बोलावली की विषय मांडायचा. लोक हातातली कामं टाकून आलेत. विषय नसेल तर दंड.”

“दंड काय?”

“सगळ्या गावाला वाइन.”

बाकावर एकदम उत्साह पसरला. मी तात्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, “मी देते वाइन आणि आपण सुटू. किल्ला बघायचा राहिलाय.”

तात्यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता, दुसऱ्याला पाजणं तर दूरच. पण ते तेवढ्यासाठी थांबले नव्हते. त्यांनी ओवरीकडे बघितलं, रांगेने बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघितलं. चाळीस वर्षं शेताच्या बांधांवर पंच गोळा करून मोजणी केलेला तो माणूस. निवृत्तीनंतर इतके भरलेले पंच त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बसले होते.

“दंड कशाला? विषय आहे की माझ्याकडं,” ते म्हणाले.

“तात्या, काय विषय? पाण्याचं टाकं?”

“तू फक्त मी बोलतो ते जसंच्या तसं सांगायचं. पदरचं घालायचं नाही अन् गाळायचंबी नाही.”

अनवाणी पायांनी ते ओवरीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला.

“मी बबन सखाराम डुंबरे, राहणार ओतूर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे.”

मी तालुक्यासकट सगळं स्पॅनिशमध्ये सांगितलं. दामियानने मान डोलावली.

“ही माझी मुलगी, वृषाली.”

“मी यांची मुलगी, वृषाली,” मी सांगितलं.

“हिला मला काहीतरी सांगायचंय.”

मी थांबले.

“सांग की त्यांना,” तात्या म्हणाले.

“तात्या, हे काय काढलंत?”

“पंच खोळंबलेत.”

मी पायाखालच्या फरशीकडे बघत सांगितलं, “ते म्हणतात, मला त्यांना काहीतरी सांगायचंय.” बाकावरची सगळी माणसं एकदम पुढे झुकली.

“आल्या दिवसापासून बघतोय,” तात्यांना आता सूर सापडला होता. “गाडी चालवता चालवता मोठा श्वास घेती, तोंड उघडती, अन् विचारती काय, तर तात्या, पाणी हवंय का? पाणी पिऊन पिऊन माझं पोट टम्म झालं. रोज दहा ठिकाणी गाडी थांबवावी लागती.”

हे मी जसंच्या तसं सांगितलं. गुंडाळ्यावाल्या बाई इतक्या हसल्या की एक गुंडाळी सुटून खाली पडली.

“मी बाप आहे,” तात्या म्हणाले. “मी विचारलं तर मला वाईट वाटू नये म्हणून ही खोटं बोलंल. लहानपणापासनं तशीच आहे. तुम्ही परके आहात, वडीलधारे आहात. तुम्ही विचारा. एवढाच माझा विषय.”

ते जाऊन बादलीवाल्या आजोबांशेजारी बसले. आजोबांनी सरकून जागा दिली.

दामियान उभा राहिला. त्याने टोपी काढली. हे सगळं तो अगदी गंभीरपणे करत होता, त्यामुळे मला पळून जायचीही सोय राहिली नाही. “सभेपुढे विषय आला आहे,” तो म्हणाला. “मुलीने सांगावं.”

“बॉयफ्रेंड आहे?” फेलिसाबाईंनी मधेच विचारलं.

“काय म्हणती?” तात्यांनी लगेच चौकशी केली.

“मुलगा आहे का, विचारतायत.”

“आहे का? असंल तर सांग. गोरा असला तरी चालंल. तुझ्या आईला मी बघतो.”

“नाही, तात्या. मुलगा नाहीये.”

फेलिसाबाई हिरमुसल्या. त्यांचा एक पुतण्या अजून लग्नाचा होता, हे मला नंतर कळलं.

मग मी सांगितलं. स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि सांगताना मला आश्चर्य वाटलं की ते इतकं सोपं होतं. मला इथेच कायमचं काम मिळालंय, मी हो म्हटलंय, घरी सगळे माझी वाट बघतायत, वडिलांनी माझ्यासाठी खोली बांधलीये. लोक माना डोलावत होते. काठीवाल्या दोघींपैकी एकीने विचारलं, “काम कसलं?” मी म्हणाले, “दगडाचं. अशीच चर्चेस दुरुस्त करते. मी गवंडी आहे.” ती म्हणाली, “माझा नवराही गवंडी होता. चांगलं काम आहे.”

“झालं?” तात्यांनी विचारलं. “त्यांना सांगून झालं. आता मला सांग.”

मराठीत ते अजून एकदाही मोठ्याने म्हणून बघितलं नव्हतं.

“तात्या, मी परत येणार नाही.”

करकोचे पुन्हा घरट्यावर येऊन चोचींची खडखड करत होते.

“कायमची?”

“सुट्टीला येईन. पण काम इथेच करणार. त्या कारखान्यात. दगड घडवायचं.”

“दगड घडवायचं? म्हणजे स्वतःच्या हातानं? आर्किटेक्ट करून गवंडी?”

“हो.”

“अन् तिकडं येऊन साहेब व्हायचं सोडून?”

“म्हणूनच, तात्या. तिकडे आले तर मी फाइल धरून छत्रीखाली उभी राहीन. छिन्नीला हात लावला तर मजूरसुद्धा धावत येतील, मॅडम तुम्ही राहू द्या म्हणून. इथे मी सकाळी परांचीवर चढते, दिवसभर चुन्यात हात असतात, संध्याकाळी पाठ मोडलेली असते आणि मी इतकी खूश असते की काय सांगू. मला साहेब नाही व्हायचंय. मला हे काम स्वतः करायचंय.”

“अन् नारायणगड? हडसर?”

“ते माझ्या हातून होणार नाही,” मी म्हणाले. “त्याचं मला फार वाईट वाटतं, तात्या. रोज वाटतं.”

तात्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि परत घातला. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. आमचं मराठीतलं एक अक्षर त्यांना कळलं नव्हतं, पण कुणीही शेजाऱ्याशीसुद्धा बोललं नाही.

“त्यांना सांग,” तात्या म्हणाले, “आता पंचांनी मत द्यावं.”

“मत कसलं?”

“सभा आहे ना? मग निकाल नको? बिननिकालाची सभा मी बघितली नाही.”

मी सांगितलं. दामियानने टोपी छातीशी धरली आणि विचारलं, “मुलीने इथे राहावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

हात भराभर वर गेले. फेलिसाबाईंनी दोन्ही हात वर केले. बादलीवाल्या आजोबांना प्रश्न ऐकू आला नव्हता, तरी त्यांनीही केला.

“हे पंच फितूर आहेत!” तात्या ताडकन उठले. “अर्धं गाव रिकामं. ह्यांना कुणीही राहिलेलं हवंच असणार. आमची म्हैस आणून बांधली तर तिलाबी मत देतील!”

मी हे सांगू की नको म्हणून थबकले. “सांग,” तात्या म्हणाले. मी सांगितलं. आधी एक जण हसला, मग सगळी ओवरी हसत सुटली आणि दामियान डोळे पुसत म्हणाला, “खरं आहे त्यांचं. अगदी खरं आहे. म्हैस कधी आणताय विचार.”

तात्याही हसले. मला वाटलं, संपलं, निभावलं.

पण दामियानला रीत पुरी करायची होती. “विरोधात कुणी?”

“काय म्हणतो पाटील?”

“विरोधात कुणी आहे का, विचारतोय.”

“मला मत आहे का, विचार.”

“ज्याने घंटा वाजवली त्याला मत असतंच,” दामियान म्हणाला.

तात्यांनी उजवा हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता, शाळेतल्यासारखा. सगळ्या ओवरीत तो एकटाच वर होता. हसणं बंद झालं.

मी म्हणाले, “तात्या, तुम्हाला नको असेल तर मी...”

“गप बस. माझं पुरं होऊ दे. त्यांना सांग, निकाल मला मान्य आहे. पंच म्हणतात पोरगी राहावी, तर राहील. मी आडवा येणार नाही. तिच्या आईला मी समजावीन. माडी भाड्यानं देईन.”

मी सांगितलं. दामियानने विचारलं, “मग हात वर का?”

तात्यांनी हात खाली केला नव्हता.

“कारण घरचं एक तरी मत विरोधात पाहिजे,” ते म्हणाले. “सगळ्यांनीच जा म्हटलं, रहा म्हटलं, तर उद्या हिला वाटायचं, मी गेले तरी घरी कुणाचं काही अडलं नाही. अडतंय. माझं अडतंय. ते मोजा.”

हे मला सांगायचं होतं. जसंच्या तसं, पदरचं न घालता, न गाळता. मी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं, आणि ‘अडतंय’वर माझं रडू फुटलं. फेलिसाबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा खांदा धरला. माझं सगळं सांगून पुरं होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

दामियानने बोटाने बाकावरची माणसं मोजली. मग तात्यांकडे बघून एक बोट वर केलं आणि मोठ्याने म्हणाला, “विरोधात, एक. मोजलं.”

“मोजलं म्हणतो,” मी तात्यांना सांगितलं.

“मग झालं,” तात्या म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतला. “आता विचार, किल्ल्यावर पाण्याची सोय काय आहे?”

दंडाचा प्रश्नच उरला नव्हता, तरी वाइन आलीच. प्रत्येकाने आपापल्या घरून आणली. फेलिसाबाईंनी पातेलंभर राजमा आणला आणि तात्या मांस खात नाहीत हे कळल्यावर त्यातले मांसाचे तुकडे एक एक करून स्वतःच्या ताटात काढून घेतले. तात्यांनी गाडीतून आईचे लाडू काढून सगळ्या गावाला वाटले. दुपारी दामियान त्यांना किल्ल्यावर घेऊन गेला. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला स्पॅनिश, आणि मी खाली ओवरीत बसलेली. तरी दोन तास वरून त्यांचे आवाज येत होते. उतरले तेव्हा तात्यांच्या गुडघ्यांना माती लागलेली होती. टाकं सापडलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी गुडघ्यांवरची माती झटकली. मग म्हणाले, “वृषे, पाणी दे.”

याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून त्याच कारखान्यात आहे, आणि माझ्या हाताखाली दोन मुली शिकतात. तात्या ऐंशीच्या घरात आलेत. दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन येतो. कुठलं चर्च चाललंय, दगड कुठला, चुना किती दिवस भिजवला, सगळं खोदून खोदून विचारतात. काही चुकलं तर रागावतात. आणि फोन ठेवायच्या आधी म्हणतात, “बरं का, माझं मत अजून विरोधातच आहे.”

“माहितीये, तात्या,” मी म्हणते.

मग मी निवांत आवरून कामाला जाते.